बाबूसिंग पाटलांचा उजवा कान

बाबूसिंग आडे यांना उजवा कान नाही. भोक आहे, ऐकूही येतं, पण बाहेर पंख्यासारखं जे असतं ते नाही. तिथं भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी एक काळपट कड उरली आहे. चष्मा लावायचा झाला की ते उजवी काडी सुतळीनं डोक्याला बांधतात आणि समोरच्याकडं असं बघतात, की हसायची छाती होत नाही. माझी होते. माझं झेरॉक्सचं दुकान पोलीस ठाण्याच्या समोर आहे आणि त्यांचे सगळे कागद माझ्याच मशीनमधून निघतात.

हा कान कडबा कुट्टीत, म्हणजे चारा कापायच्या मशीनमध्ये गेला, अशी सरकारी नोंद आहे. आता कुट्टीत बोटं जातात, हात जातो, बाईचा पदर जातो. कान जायचा तर माणसानं मशीन चालू करून आत कुणी राहतंय का म्हणून डोकावून बघावं लागेल. पण बारा वर्षांपूर्वी दवाखान्यात जबाब घ्यायला आलेल्या शिपायानं तसं लिहून घेतलं, बाबूसिंगांनी खाली सही केली, आणि कुट्टीवर गुन्हा दाखल करायची सोय नसल्यामुळं प्रकरण मिटलं.

खरं काय ते अख्ख्या तांड्याला माहीत आहे. रतनसिंग जाधव हा त्यांचा बांधशेजारी. त्याचा हिऱ्या नावाचा बैल बाबूसिंगांच्या हळदीत घुसला. हिऱ्या म्हणजे रतनसिंगचा जीव. याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, त्यामुळं या लोकांचं बैलावर जे प्रेम असतं ते बायकोला नुसतं लांबून बघावं लागतं. बाबूसिंगांनी दांडकं उचललं आणि हिऱ्याच्या शिंगावर असं हाणलं, की शिंग मुळातून निखळलं. रक्ताची चिळकांडी उडाली. बैल ओरडत तांड्यात पळाला, आणि पाच मिनिटांत रतनसिंग कुऱ्हाड घेऊन आला. समोर उभा राहिला आणि मानेवर घाव घातला. बाबूसिंगांनी डोकं फिरवलं म्हणून मान वाचली. उजवा कान सरीत पडला.

बाबूसिंगांच्या बायकोनं, भिकाबाईंनी, तो हळदीच्या पानांतून शोधून काढला आणि पदरात बांधला. लोक कोकलत होते, ती म्हणाली, "कान घावला. आता माणूस कुठं पडलंय ते बघा."

तांड्याचा नायक म्हणजे तांड्याचं कोर्ट. त्यानं दोघांना समोर बसवलं, एकाच्या डोक्याला पट्टी, दुसऱ्याच्या हातात शिंग. निकाल दिला, "शिंगाला कान. फिटलं. ठाण्यात कुणी जायचं न्हाई." दोघांनी मान हलवली. त्या दिवसापासून रतनसिंग आणि बाबूसिंग एकमेकांशी एक शब्दही बोललेले नाहीत. बांधावर समोरासमोर आले तर दोघंही आभाळाकडं बघायचे, जसं काही ढग मोजायची नोकरी आहे.

पुढं बाबूसिंग तांड्याचे पोलीस पाटील झाले. पोलीस पाटील म्हणजे गावातला सरकारचा माणूस: काही घडलं तर ठाण्याला कळवायचं, साहेब आले तर खाट टाकायची, आणि खोटं बोलायचं नाही. हे तिसरं अर्जातच लिहून द्यावं लागतं. अर्जाची झेरॉक्स मी काढली. त्या ओळीवर ते थोडा वेळ थांबले, कानाची कड खाजवली आणि सही केली.

दोन वर्षांपूर्वी खांबांवर कॅमेऱ्याचे डबे बसले. वारंगा फाट्यावर चार, बसस्टँडवर दोन, आठवडी बाजारात एक, आणि ठाण्यात फौजदाराच्या डोक्यावर एक. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोक नुसतं डबा म्हणायचे. डब्यात कृत्रिम बुद्धी आहे, तो तोंड बघतो, ठाण्यातल्या जुन्या फोटोंशी लावतो आणि किती टक्के जुळलं ते सांगतो, असं आम्हाला तहसीलमध्ये समोसा देऊन समजावलं गेलं. आणि डब्याची चूक होऊ नये म्हणून वर माणसाची नजर ठेवलेली होती. जिल्ह्याला देखरेख समिती, तिची तीन महिन्यांनी बैठक. गावाला पोलीस पाटील. डब्यानं नाव दिलं की त्या गावच्या पाटलानं माणूस समोरासमोर बघायचा आणि वहीत लिहायचं: ओळख पटली, का पटली नाही. शेवटचा रकाना होता, "कशावरून".

वह्या मीच बांधल्या, त्यामुळं मला ठाऊक आहे की "कशावरून"मध्ये तालुक्यातले सगळे पाटील एकच शब्द लिहायचे: "वरीलप्रमाणे". वर काय असायचं? डब्याचे टक्के. डबा म्हणतो म्हणून पाटील म्हणतो, पाटील म्हणतो म्हणून डबा खरा. समितीच्या तक्त्यात फक्त बेरीज जायची. पटली एकशे बेचाळीस, पटली नाही शून्य. समिती खूश.

बाबूसिंगांनीही पहिल्यांदा "वरीलप्रमाणे"च लिहिलं. त्यांच्याच तांड्यातला शेळ्या विकणारा एक माणूस होता, डब्यानं मोटारसायकल चोर म्हणून नाव दिलं, एक्याऐंशी टक्के. त्या दिवशी घरी पाहुणे होते, म्हणून बाबूसिंगांनी माणूस न बघता सही केली. नाव बाहेर फुटलं, आणि पोलीस पोचायच्या आधी वसमतच्या बाजारात लोकांनी त्याला धरला. चोर म्हणून कुणीतरी दोरखंडानं खांबाला बांधला, कुणीतरी मोटारसायकलची साखळी आणली. डावा डोळा गेला. आठ दिवसांनी खरा चोर दुसऱ्याच जिल्ह्यात घावला. शेळीवाला दवाखान्यातून सुटला तो घरी न जाता पाटलांच्या दारात येऊन बसला. शिवी नाही, रडणं नाही. एका डोळ्यानं बघत बसला. भिकाबाईंनी ताट वाढलं, तो जेवला, हात धुतले आणि गेला.

"शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं," भिकाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून बाबूसिंग "कशावरून"मध्ये निबंध लिहायला लागले. "इसमाचे वडील माझ्यासोबत तिसरीत होते, नाक तेच." "इसम बघितला, हसला, पुढचा दात सोन्याचा, फोटोत तसाच." एका पानाला त्यांना अर्धा दिवस लागायचा. फौजदार हरीश गिराम म्हणायचे, "पाटील, तुम्ही पंचनामा करून राहिले का लग्न जमवून राहिले?" गिराम तरुण माणूस, वाईट नव्हता. त्याचा टक्क्यांवर विश्वास होता, कारण तो स्वतः टक्क्यांवर लागला होता.

आणि मग फाट्यावर खून झाला.

हळदीचा ट्रक उभा होता. पहाटे उजाडायच्या वेळी कुणीतरी ड्रायव्हरला केबिनमधून ओढलं आणि टॉमीनं, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी पहारीनं, डोकं फोडलं. एक घाव नाही, सहा. डोळा बाहेर आला होता, पोत्यातून सांडलेल्या हळदीत रक्त मिसळून चिखल झाला होता, आणि त्या चिखलात कुत्री फिरत होती. डब्यानं सगळं बघितलं. बघितलं म्हणजे मारणाऱ्याच्या तोंडाला टॉवेल होता आणि धुकं होतं, तरी वरच्या अर्ध्या तोंडावरून डब्यानं दुपारपर्यंत नाव काढलं. रतनसिंग जाधव. सत्त्याऐंशी टक्के. त्याचा फोटो ठाण्यात कसा? होळीच्या भांडणात एकदा पंधरा जणांना बसवून ठेवलं होतं, तेव्हाचा.

तो फोटो, भोवती लाल चौकट आणि खाली ८७, ठाण्यातून कसा बाहेर गेला ते कुणालाच माहीत नाही. मला माहीत आहे, पण मला तिथंच दुकान चालवायचं आहे. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या मोबाइलवर होता.

रतनसिंगकडं मोबाइल नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फवारणीचा पंप दुरुस्त करायला फाट्यावर गेला. त्याच सकाळी बाबूसिंग वही काखेत मारून जीपनं त्याच्याच मागावर निघाले, कारण नियमाप्रमाणं माणूस समोरासमोर बघायचा होता. पुढचं मला पानटपरीवाल्यानं सांगितलं, आणि तो स्वतः मारणाऱ्यांत असल्यामुळं त्याला बारकाईनं माहीत होतं.

पन्नासेक लोक होते. आधी पंपाच्याच नळीनं सुरुवात झाली. मग उसाची कांडकी, चपला, जीपच्या स्प्रिंगचा पाटा. रतनसिंग पडला तेव्हा एकजण त्याच्या छातीवर दोन्ही पायांनी उडी मारून उभा राहिला, आणि आतून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. टायरवाल्यानं दुकानातून टॉमी आणली. "त्यानं जसं मारलं तसंच," असं ठरलं होतं.

बाबूसिंग गर्दीत घुसले आणि ओरडले, "सरका! ह्याला मारायचा पयला हक्क माझा हाय!"

गर्दीनं वळून बघितलं. कान बघितला. कानाची गोष्ट फाट्यावरही सगळ्यांना माहीत होती, फक्त कागदाला माहीत नव्हती. लोकांना ते पटलं. कुणीतरी हसलंसुद्धा. वाट झाली. टायरवाल्यानं टॉमी अदबीनं पुढं केली, "घ्या पाटील, उघडा खातं."

पाटलांनी टॉमी घेतली, रतनसिंगच्या छाताडाजवळ जाऊन उभे राहिले, आणि ती सगळा जोर लावून रस्त्यापलीकडच्या नालीत फेकली. मग त्याच्या अंगावर पालथे पडले. गर्दीला फसवल्याचा राग खुनापेक्षा मोठा असतो. पुढची चार-पाच मिनिटं मार दोघांना मिळून पडला. पाटलांच्या पाठीवर उसाचे वळ मी नंतर बघितले. सरळ रेषेत, वहीच्या रकान्यांसारखे. पोलिसांची गाडी आली तेव्हा दोघं एकमेकांच्या रक्तात होते आणि एकमेकांकडं बघत नव्हते.

ठाण्यात मला बोलावलं ते वहीची प्रत काढायला. रतनसिंग भिंतीला टेकून बसला होता, हातात बेड्या, श्वास घेताना शीळ वाजत होती. भागवत जमादार त्याच्यावर पाणी शिंपडत होता. फौजदारांनी वही पाटलांसमोर सरकवली.

"करा सही. वरीलप्रमाणे लिहा, मोकळे व्हा."

"आधी व्हिडिओ दाखवा," पाटील म्हणाले.

तीन वेळा बघितला. चष्म्याची सुतळी नीट केली. "साहेब, टॉमी कोणत्या हातात हाय?"

"उजव्या."

"ड्रायव्हरची जखम?"

"डाव्या बाजूला. मग?"

"रतनसिंग डावरा हाय. त्याचा घाव उजव्या बाजूला बसतोय."

गिराम हसले. "कशावरून?"

पाटलांनी मान वळवली आणि नसलेला कान पुढं केला.

मग गिराम उठले, कपाट उघडलं, जुनी फाइल काढली. फौजदार तयारीचा होता, मानलं. "बारा वर्षांपूर्वीचा जबाब. ‘कान कडबा कुट्टीत गेला.’ खाली तुमची सही. पाटील, हे खरं का आत्ताचं?"

"आत्ताचं."

"म्हणजे पोलिसाला खोटा जबाब दिला. आणि वर लिहून दिलं की मी खोटं बोलत नाही. हे वहीत लिहिलं तर पाटीलकी जाते, माहिताय ना? दहा वर्षांची."

"माहीत हाय."

"आणि गेली तरी उपयोग काय? तुमी दोघं एकाच तांड्याचे. ह्याला वाचवायला म्हणताय, असं म्हणेल कुणीबी. डावरा! हा अंगठाबहाद्दर, सही येत नाही. जेवायला उजवा हात वापरतो, आत्ता चहा उजव्यानं प्याला. उद्या कोर्टात डाव्या हातानं भाकर खाऊन दाखवील. ते डब्याच्या सत्त्याऐंशी टक्क्यांपुढं टिकतंय का?"

"त्याला आयनं मारून मारून उजव्यानं जेवायला शिकवलं. आमच्यात शिकवतेत," पाटील म्हणाले. "पन माणसाचा राग कोनी शिकवत न्हाई, साहेब. राग आला की हात विचारून उठत न्हाई."

रतनसिंग भिंतीला टेकून छताकडं बघत होता. तेरा टक्के आशा होती ती पण त्यानं सोडली असावी. जन्मठेप, नाहीतर त्याच्याही पुढचं. त्याचं सगळं आता ज्याच्या तोंडावर होतं, त्या तोंडाकडं त्यानं बारा वर्षं बघितलं नव्हतं.

पाटलांनी वही ओढली. "पटली नाही"वर खूण केली. "कशावरून"मध्ये सावकाश लिहिलं: "इसम डावरा आहे. माझा उजवा कान यानेच कुऱ्हाडीने तोडला. कुट्टीचा जबाब मी खोटा दिला होता." सही केली. दहा वर्षांची पाटीलकी तीन वाक्यांत गेली आणि त्यांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं.

"आता त्याचा अंगठा घ्या," ते म्हणाले, "लिहिलेलं वाचून दाखवलं म्हणून. दोन्ही हात सोडा, नाहीतर शाई सांडते."

भागवत जमादारानं बेड्या काढल्या आणि त्याला टेबलाशी आणून बसवलं. शाईचं पॅड टेबलावर होतं. पाटलांनी ते सरळ करायच्या निमित्तानं लोखंडी पंचिंग मशीन, दोन किलोचं धूड, रतनसिंगच्या उजव्या हाताशी सरकवलं. मला वाटलं, जागा करतायत. मग खुर्ची ओढून बरोबर डब्याच्या खाली, रतनसिंगपासून हातभर अंतरावर बसले.

आणि बारा वर्षांनी त्याच्याशी बोलले.

"रतन्या, तुझा हिऱ्या मेला ना, त्या दिवशी मी गूळ वाटला होता."

रतनसिंगनं छतावरची नजर खाली आणली.

"एकच शिंग मोडलं, ह्याची मला लई तकलीफ हाय. दुसरंबी मोडायला पायजे होतं. रडत होता तुझा बैल. तू जसा आत्ता रडून राहिला तसा. कसायाला दिला असता तं चार लोकं तरी जेवले असते..."

छातीतल्या तीन मोडलेल्या फासळ्यांनिशी माणूस एवढ्या चपळाईनं उठू शकतो, हे मी कुठल्या डॉक्टरकडून ऐकलं असतं तर खरं मानलं नसतं. मशीन उजव्या हाताशी होतं. उजवा हात नुसता लोंबत राहिला. डावा हात अंगावरून पलीकडं गेला, मशीन उचललं, आणि पाटलांच्या उजव्या जबड्यावर उतरला. हाड मोडल्याचा आवाज आला. पाटील खुर्चीसकट मागं गेले. रतनसिंग त्यांच्या छातीवर बसला आणि डाव्यानंच दुसरा, डाव्यानंच तिसरा. "हिऱ्याचं नाव घेतो! माझ्या हिऱ्याचं!" भागवत जमादार आणि फौजदार दोघांनी मिळून त्याला ओढला तेव्हा मशीन डाव्या मुठीतून सोडवायला काठी मारावी लागली.

पाटील फरशीवर होते. दोन दात रक्तासकट टेबलावरच्या वहीच्या उघड्या पानावर पडले होते आणि तोंडातून धार लागली होती. त्यांनी एक बोट वर केलं, डब्याकडं. बोलताना शब्दांतून रक्ताचे बुडबुडे येत होते.

"साहेब... कोनता हात?"

गिरामांनी वर डब्याकडं बघितलं, मग स्वतःच्या टेबलाकडं, मग रतनसिंगच्या हाताकडं.

"डावा," ते म्हणाले.

"लिवा."

त्यांनी लिहिलं. वहीत फौजदाराचं अक्षर पहिल्यांदा आलं.

रतनसिंग चार दिवसांनी सुटला. तेव्हापर्यंत त्याच व्हिडिओवरून डब्यानं दुसरं नाव दिलं होतं, एकोणऐंशी टक्के, तो माणूस तीन वर्षांपूर्वी वारलेला निघाला. खरा मारणारा अजून फिरतोय. पाटलांचा जबडा तारेनं बांधला. दीड महिना भिकाबाईंनी त्यांना ज्वारीची आंबील पाजली आणि या काळात त्या जे जे बोलल्या त्याला पहिल्यांदाच उलट उत्तर आलं नाही. पाटीलकी गेली. नोटिशीवर कारण छापलं होतं, खोटा जबाब, आणि जबाबाची तारीख बारा वर्षांपूर्वीची.

नायकानं पुन्हा दोघांना बसवलं. शिंगाला कान फिटला होता, आता दोन दात आणि एक जबडा जास्तीचा झाला. नायकानं विचारलं, "बाबू, काय पायजे तुला?"

तारेमुळं बाबूसिंगांना बोलता येत नव्हतं. त्यांनी रतनसिंगकडं बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या तोंडाकडं. नायकाला कळलं. "बोल रं रतन्या. त्याला बोलता येत न्हाई, तू बोल."

रतनसिंग फासळ्या धरून सरळ बसला. मग म्हणाला, "गूळ खरंच वाटला होता का?"

बाबूसिंगांनी मान हलवली. नाही.

"मंग ठीक हाय," रतनसिंग म्हणाला आणि आभाळाकडं बघायला लागला. सवय एकदम जात नाही.

तिमाहीच्या तक्त्यात आमच्या तालुक्यातून पहिल्यांदा "पटली नाही: एक" असा आकडा गेला. टायपिंगची चूक आहे का, म्हणून समितीच्या कार्यालयातून फोन आला. गिराम म्हणाले, चूक नाही. मग कार्यालयानं त्या पानाची प्रत मागितली. मी काढून पाठवली. परत फोन आला, "प्रतीवर ‘कशावरून’च्या रकान्यात काळा डाग आहे, वाचता येत नाही, स्वच्छ पाठवा." मी मशीनची काच पुसली, रंग कमी केला, पुन्हा काढली. पुन्हा काढली. तीन वेळा पाठवली.

झेरॉक्समध्ये रक्त काळंच येतं.